बरोबरच्या खुणा

११ जानेवारी

प्रिय वगैरे काही लिहीत नाही. तुला ते खोटं वाटेल आणि लिहिताना माझाही हात अडखळेल. सात वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घरातलं कुणी गेलं की काय असं समजू नकोस. दादा ठणठणीत आहे, वहिनी त्याहून ठणठणीत. गेलाय तो माझा उजवा गुडघा.

पत्ता मावसबहिणीकडून मिळवला. द्यायला ती तयार नव्हती. "आता काय राहिलंय तिला बोलायचं?" म्हणाली. मी म्हटलं, बोलायचं नाही, विचारायचंय. तिच्याकडूनच कळलं की तू फिजिओथेरपी सोडलीस, हल्ली रुग्णाला हात लावत नाहीस, कुबड्या आणि वॉकर विकणाऱ्या दुकानात बसतेस. ऐकून मला वाईट वाटलं असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

माझं म्हणशील तर अजून तेच कटिंगचं टेबल आणि तेच शाळांचे गणवेश. कापडाचे चाळीस-चाळीस थर, आठ तास उभं राहणं. पोरी मला अजूनही मास्तरीणच म्हणतात, फक्त आता मी जिना उतरायला लागले की मागे थांबून राहतात. चढताना कसंबसं जमतं. उतरताना गुडघ्यात कुणीतरी सुई फिरवतंय असं वाटतं. खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागतं, आणि उठल्यावर दोन पावलं तरी मी नव्वद वर्षांची असते. आहे सत्तावन्नची.

डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, झीज आहे, पण एवढी नाही. ऑपरेशनचं आत्ताच मनात आणू नका. मांडीचे स्नायू अगदी गेलेत, ते कमावा, वजन चार-पाच किलो उतरवा, गुडघा ऐकेल तुमचं. म्हणजे तू आईला जे सांगत होतीस ते, शब्दाला शब्द. मला हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, ऑपरेशन टळलं म्हणून आनंद झाला.

व्यायामाचं नाव मी इतकी वर्षं का काढत नाही हे तुला सांगायला नको. तू एकाहत्तर वर्षांच्या आईला पायरीवर चढवलंस, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि एक्केचाळिसाव्या दिवशी ती गेली. तुझं तोंड पाहायचं नाही असं ती म्हणाली होती, ते मी तुला तेव्हाच सांगितलंय. आता पुन्हा उगाळत नाही.

विचारायचं एवढंच: उतरतानाच जास्त का दुखतं? आणि जिन्यावर आधी कुठला पाय टाकायचा? फुकट सल्ला मागते आहे. द्यायचा नसेल तर देऊ नकोस.

ताई


२ फेब्रुवारी

तुझा लिफाफा मिळाला. आत नाव नाही, गाव नाही, कशी आहेस नाही. टाइप केलेला एक कागद. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

पण कागद नीट आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठड्याला धरायची लाज वाटू द्यायची नाही. उतरताना सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं आणि ते तोलायला मांडीत ताकद लागते, म्हणून दुखतं. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि पाच आकडे मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पाठीवर झोपून कंबर उचलायची. टाचा उचलायच्या. आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, दहा-दहा वेळा, दोनदा. करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर कमी करायचं, बंद नाही करायचं. 'बंद नाही' याच्याखाली रेघ आहे. तुझ्या हाताची तेवढी एक रेघ त्या कागदावर आहे.

आणि खाली तो तक्ता. सात दिवस, पाच व्यायाम, पस्तीस घरं. केलं की बरोबरची खूण करायची. तो पाहून मी जरा वेळ खाली बसले. गुडघ्यामुळेच.

असो. मी सगळं करते आहे. सकाळी उठल्या उठल्या टॉवेल, मग बाकीचं, संध्याकाळी कामावरून आल्यावर खुर्ची. एक दिवसही चुकलेला नाही. भरलेला तक्ता सोबत पाठवते आहे, बघ, एकही घर रिकामं नाही. तुला वाटत असेल ताईच्याने काय होणार. तर होतंय. फरकही पडलाय, बराच.

डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या नावे चिठ्ठी दिली आहे. वेळ मिळाला की जाईन. खरं तर आता गरज नाही.

ताई


२० फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. 'तक्ते पाठवू नकोस.' तीन शब्द. आधी मला राग आला. मी म्हटलं, बघा, मदत मागायला गेले तर ही तोऱ्यात. दोन दिवस मनातल्या मनात तुला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

काल त्या बाईंकडे गेले. गेले म्हणजे जावं लागलं. कारखान्याच्या जिन्यात गुडघा एकदम सुटला, कठडा होता म्हणून वाचले. बाई माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असतील आणि मला मावशी म्हणाल्या, तिथेच माझं डोकं फिरलं. खोली लहानशीच. भिंतीला कठडा, रबरी पट्टे, वाळूच्या पिशव्या, आणि मधोमध एक बिनहाताची खुर्ची. मी ऐटीत तक्ते काढून समोर ठेवले, तीन आठवड्यांचे.

त्यांनी ते वाचलेसुद्धा नाहीत. म्हणाल्या, "हे ठेवा बाजूला. हात छातीवर घ्या, आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठा."

सात वेळा. सातव्या वेळेला तर मी उठले म्हणण्यापेक्षा लटकले. मग त्यांनी टेप काढली, गुडघ्याच्या वाटीपासून वर मोजून खूण केली आणि दोन्ही मांड्यांची मापं घेतली. उजवी डावीपेक्षा अडीच सेंटिमीटर कमी.

"मावशी, रोज वीस वेळा खुर्चीतून उठणाऱ्या बाईची मांडी नाही ही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही काय काम करता?"

"कटिंग."

"मग गिऱ्हाईकाने तोंडी सांगितलेल्या मापावर कात्री चालवता का?"

टेबलावर नवीन आलेल्या प्रत्येक पोरीला मी हेच पहिलं शिकवते. आई सांगते म्हणून पोराची कंबर लिहू नका, टेप लावा.

मी म्हटलं, "काही दिवस राहून गेलं असेल."

त्या म्हणाल्या, "राहून जाऊ दे की. घर रिकामं ठेवायचं. रिकाम्या घराने कुणी मरत नाही. भरलेल्या घरांवर विश्वास ठेवून मी तुम्हाला आज पायरीवर चढवलं असतं आणि तुम्ही पडला असता, तर दोष कुणाला गेला असता? मला."

मी पर्स उचलली आणि पुढची वेळ न घेताच बाहेर आले. चप्पल उलटी घातली होती ते रस्त्यावर आल्यावर कळलं.

त्या बाईंना काहीही ठाऊक नाही. त्या सहज बोलल्या. पण खाई त्याला खवखवे.

पुढचं आज लिहवत नाही.

ताई


९ मार्च

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीच्या तिन्हींत मी मला बरीच बरी ठरवली होती, म्हणून फाडली.

आईने व्यायाम केले नव्हते.

तू पहिला तक्ता दिलास तेव्हा पहिले आठ-दहा दिवस केले. मग एक दिवस मी दमून आले होते. ती म्हणाली, "आज राहू दे ग, दुखतंय." मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "पण ती रागवेल. करून टाक खूण." आम्ही दोघी हसलो, शाळेला दांडी मारल्यासारख्या. मी खूण केली. दुसऱ्या दिवशीही केली. नंतर नंतर मी रविवारी बसून सगळा आठवडा एकदम भरत असे. खरा वाटावा म्हणून मधे एखादं घर रिकामं ठेवायचे, एवढी अक्कल होती.

तू महिन्यातून एकदा यायचीस. तक्ता बघून खूश व्हायचीस आणि पुढचा द्यायचीस, आधीच्यापेक्षा कठीण. म्हणजे खुर्चीची उशी काढ, मग हात सोडून उठ. आम्हाला वाटायचं, कागदच तर आहे. तू आलीस की आई दोनदा-तीनदा कशीबशी करून दाखवायची आणि म्हणायची, "सकाळीच सगळं केलंय ग, आता दमले." आणि तुला ते खरं वाटायचं, कारण खूण तिने नव्हे, मी केलेली असायची. तू कधी टेप लावली नाहीस. त्याबद्दल तू स्वतःला काय काय म्हणाली असशील ते मी गेल्या तीन आठवड्यांत समजून घेतलंय. तुझं शिक्षण कमी पडलं म्हणून तू टेप लावली नाहीस असं नाही. बहिणीच्या मांडलेल्या आकड्यावर कोण टेप लावतं?

आता का केलं ते. आईला दुखत होतं म्हणून माझा जीव तुटायचा, हे खरं आहे, पण ते निम्मं. उरलेलं निम्मं लिहिते. तू शिकलीस, बाहेर गेलीस. तू महिन्यातून एकदा यायची असलीस की आई तीन दिवस आधीपासून तुझ्याच नावाचा जप करायची. मी रोज होते, म्हणून मी भिंतीसारखी होते. पण ती उठायची माझ्या खांद्याला धरून. न्हाणीघरापर्यंत जायची माझ्या हाताने. मी कामावरून यायची वाट बघत ती खुर्चीत बसून राहायची. आणि मला ते आवडत होतं. ती स्वतःच्या पायांनी उठून स्वयंपाकघरात गेली असती तर मला कुणी हाक मारली असती? मी तिला पाणी हातात दिलं, ताट हातात दिलं, आणि लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. लेकीने आईचे पाय जाग्यावर वाळवले.

त्या रविवारी तू ती ठेंगणी लाकडी पायरी आणलीस. तीन महिने भरलेले तक्ते तुझ्या हातात होते. तुझ्या हिशेबाने ती पायरी अगदी सोपी होती. आई चढली, आणि उतरताना तिचा गुडघा सुटला. तू तिला धरायला हात पुढे केलास, मी पाहिलंय, पण तू अशा बाईला धरायला उभी होतीस जिच्या पायात ताकद आहे.

इस्पितळाच्या बोळात सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हिच्या व्यायामांनी आईला मोडलं." उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी बोट दाखवायच्या आत मी बोट दाखवलं. ती गेली त्या दिवशी दादाने तुला दारातून परत पाठवलं आणि मी आत बसून रडत राहिले. लोकांना वाटलं, आईसाठी.

तक्ते मी त्याच आठवड्यात जाळले.

आता सगळं सांगून झालं. यापलीकडे माझ्याजवळ काही नाही.

ताई


२ एप्रिल

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज टपाल बघते.

काल दादाकडे जाऊन आले. वाटलं, तुला लिहून मोकळी होणं सोपं आहे, जिथे आग लावली तिथे सांगायला हवं. वहिनीही होती. सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मला वाटलं होतं, दादा ओरडेल, हात उगारेल, निदान रडेल तरी.

तो चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "हे आणखी कुणाला बोललीस?"

मी म्हटलं, "तिला लिहिलं."

"मग झालं तर. आता गावभर करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अरे पण दादा, तिची चूक नव्हती! तू तिला आईचं तोंड पाहू दिलं नाहीस!"

"तू म्हणालीस म्हणून नाही पाहू दिलं," तो म्हणाला. "आणि आता सात वर्षांनी मी काय करू? जाऊन तिचे पाय धरू? आमच्या घरात ती एक गोष्ट मिटलेली आहे, ती मिटलेलीच राहू दे."

वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमची तब्येत बरी नाही. गुडघ्याच्या गोळ्यांनी असं होतं कधी कधी."

बघ, मी गोळ्याच घेत नाही. खोटं बोलले तेव्हा एका वाक्यात विश्वास ठेवला सगळ्यांनी, आणि खरं सांगायला गेले तर मला औषध बाधलंय म्हणे. त्यांना तू गुन्हेगार असलेलीच बरी आहेस. तू निर्दोष ठरलीस तर त्यांनाही काहीतरी ठरावं लागेल. तरी मावसबहिणीला मी सांगितलं आहे आणि बाकीच्यांनाही एकेक करून सांगणार आहे. ऐकतील न ऐकतील.

फिजिओ बाईंकडे पुन्हा जाते. त्यांना कारण सांगितलं नाही, फक्त म्हटलं, तक्ता नको, तुमच्यासमोर करते. आठवड्यातून तीनदा. काल अकरा वेळा उठले. पायाला दीड किलोची वाळूची पिशवी बांधून उचलते. दुखतं, घाम येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखणं कालच्यापेक्षा कमी असतं. महिन्याभरात माझी मांडी दीड सेंटिमीटर भरली. म्हणजे आईचीही भरली असती. बरी होताना इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

ताई


१९ एप्रिल

तुझं पत्र आलं. पाकिटावर अक्षर बघून मी ते कारखान्यात उघडलं नाही. घरी आणलं, दार लावलं, खुर्चीत बसले आणि मग उघडलं.

मला वाटलं होतं, शिव्या असतील. त्या असत्या तर बरं झालं असतं. तू एकच प्रश्न विचारलायस. 'आईला माझं तोंड खरंच पाहायचं नव्हतं का?'

मागच्याच्या मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सगळं सांगून झालं. ते खोटं होतं. तिथेही मी एक खूण करून टाकली होती. हे शेवटचं आहे, आणि हे तू विचारलं नसतंस तर मी मरेपर्यंत सांगितलं नसतं, हेही लिहून ठेवते.

इस्पितळात वर जायला एकाच माणसाचा पास होता आणि तो माझ्याकडे होता. तू अकरा दिवस चार वाजता खाली नोंदणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसायचीस. मी वरून खाली यायचे आणि तुला सांगायचे, "आजही नको म्हणतेय. तुझं नाव काढलं की तिचा रक्तदाब वाढतोय." तू मान हलवायचीस. बाराव्या दिवशी तू आली नाहीस आणि मी सुटले.

आई असं कधीच म्हणाली नाही. एकदाही नाही.

ती रोज विचारायची, "धाकटी आली का?" चार वाजायच्या आधी मला सांगून दाराकडे तोंड करून घ्यायची. मी म्हणायचे, "तिला सुट्टी मिळाली नाही." पहिल्या दिवसापासून तिला तुला सांगून टाकायचं होतं. "मी तिला फसवलं," म्हणायची. "ती बिचारी मन लावून शिकवत होती आणि आपण दोघींनी तिला फसवलं. तिला बोलाव, मला तिच्याजवळ कबूल करू दे." तू वर आली असतीस तर तिने पहिल्या वाक्यात माझं नाव घेतलं असतं. म्हणून मी तुला वर येऊ दिलं नाही. कारण एवढंच आहे, यात आईची माया नाही, माझा थकवा नाही, काही नाही.

पुढे पुढे ती म्हणायला लागली, "चिडली असेल माझ्यावर. येणार नाही ती." मी गप्प बसले. ती गेली ते तू चिडली आहेस असं समजून गेली. तू सात वर्षं काढलीस ती तिने तुला टाकलं असं समजून. मधे मी होते, पास हातात घेऊन.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तेवढी लाज शिल्लक आहे. तू हे पत्र दादाला दाखव, इस्पितळात दाखव, तुला शिकवणाऱ्या सरांना दाखव. प्रत्येक पानाच्या कडेला मी पूर्ण सही केली आहे.

पण एक निरोप होता. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी तिने मला जवळ बोलावलं. बोलायला त्रास होत होता. म्हणाली, "धाकटीने मला मागे सांगितलं होतं, अंथरुणाला खिळलं तरी घोटे वर-खाली करत राहायचे, रक्त साकळत नाही. तिला सांग, मी करते आहे. वीस-वीस वेळा, दिवसातून तीनदा. सांगशील ना?"

मी हो म्हटलं. ती खरंच करत होती. चादरीखाली तिचे पाय हलताना मी पाहिले आहेत, तोंडाने आकडे मोजत, अठ्ठावीस दिवस, कुणीही सांगितल्याशिवाय, अगदी शुद्ध जाईपर्यंत.

तो निरोप तुला आज देते आहे.